कासवाला दिलेली धडधड

एकदा काय झालं, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावाचा झरा होता भलता झोपाळू. अगदी तुझ्यासारखा, ठमे! होळी झाली की जो निजायचा, तो चैत्री पुनवेला ढोल वाजवूनच उठवावा लागायचा. आणि त्या दिवशी चंद्र उगवायच्या आत नाही उठला, तर वर्षभर उठायचाच नाही, बरं का! मग गावानं प्यायचं काय?

ढोल वाजवायचा मान येसबा म्हाताऱ्याच्या घरचा. पण त्या वर्षी येसबा पायरीवरून घसरला आणि त्याचा हात गळ्यात बांधावा लागला. मग तो नातीला म्हणाला, "तुळसे, उद्या ढोल तुझा."

झालं! तुळसाच्या छातीत जी धडधड सुरू झाली, ती थांबेचना. मग ती गेली सशाकडे. "ससेदादा, माझी धडधड घेतोस का?"

ससा म्हणाला, "नको गं बाई. माझीच मला पुरते. ती आहे म्हणून तर कोल्ह्याच्या तोंडातून सुटतो."

मग खारूताईला विचारलं. ती तर उभीसुद्धा राहिली नाही. मग भेटलं कासव. ते म्हणालं, "दे की! मला मेलं कधी काही होतच नाही." तुळसानं छातीतली धडधड अलगद काढली आणि ठेवली त्याच्या पाठीवर. आणि सांगते काय, कासव पळत सुटलं!

तुळसाला कसं हलकं हलकं वाटलं. घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या. मग तिला दिसला ढोल, दोऱ्यांनी करकचून आवळलेला. "अगं बाई, किती दुखत असेल रे तुला!" असं म्हणून तिनं त्याच्या सगळ्या दोऱ्या सैल केल्या. माया हो, दुसरं काय? पण भलत्या ठिकाणी!

दुसऱ्या दिवशी सगळं गाव घागरी घेऊन झऱ्यापाशी जमलं. तुळसानं टिपरू उचललं आणि मारलं. भद्द! ओल्या गोधडीवर मारल्यासारखं. झरा कूस बदलून पुन्हा घोरायला लागला.

येसबानं दोऱ्या पाहिल्या. "कुणी सोडल्या गं?"

"मी. त्याला दुखत होतं, आबा."

येसबा रागावला नाही हो. एका हातानं त्यानं तिला जवळ घेतलं. "वेडी माझी! ताण बसतो म्हणून तर तो बोलतो. फार आवळला तर फाटेल, तेवढं आपण जपायचं." मग दोघांनी मिळून दोऱ्या बेतानं आवळल्या.

तुळसानं पुन्हा वाजवलं. आवाज छान आला, पण वाजवता वाजवता तिलाच आली जांभई! झऱ्यानं एक डोळा उघडला, पाहिलं आणि मिटून घेतला. ऊन कलायला लागलं. बायका रिकाम्या घागरींकडे बघायला लागल्या.

"पोरी, तुझी धडधड कुठाय?" येसबानं विचारलं.

तुळसाला रडूच फुटलं. "कासवाला दिली!"

तेवढ्यात धुरळा उडवत आलंच की कासव! कालपासून डोंगराला तीन फेऱ्या झाल्या होत्या बिचाऱ्याच्या. "घे बाई तुझं तुला! माझ्या डोळ्याला डोळा नाही लागला!"

तुळसानं धडधड ओंजळीत घेतली आणि छातीशी धरली. जांभई कुठल्या कुठं पळाली!

"भीती वाटते?" येसबानं विचारलं.

"खूप वाटते, आबा."

"वाटू दे. छातीत ठोका पडेल ना, त्याच्यावरच टिपरू टाक."

मग काय! धड... धड... धाड! धाड! डोंगर घुमला, पाखरं उडाली, घागरी थरथरल्या आणि झरा ताडकन उठून बसला. "आलो, आलो, आलो!" असं पाणी आलं म्हणतेस, सगळं गाव चिंब! येसबा तर हसतही होता आणि डोळेही पुसत होता.

पुढं दर वर्षी पुनवेच्या आदल्या दिवशी धडधड यायचीच. तुळसा म्हणायची, "आलीस? ये, उद्या आपल्याला काम आहे." गाव पाण्याला सुखी झालं आणि तुळसाही सुखी झाली.

आता तू गं. उद्या शाळेत सगळ्यांपुढं नाच आहे ना? आण बघू हात. हो गं, केवढं धडधडतंय! असू दे. कुणाला देऊ नकोस हो, उद्या तुझ्याबरोबर नाचायचंय तिला. पाय घे पांघरुणात. कासवसुद्धा निजलं बघ. नीज, माझे बाई.