कोंडाबाईचे दोन वाफे

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या आजीच्या आजीला अजून लुगडंही नीट नेसता येत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. जरा सरकून बसा, लेकरांना मांडीवर घ्या, आणि मनात जळाईचं नाव घेऊन ऐका.

तळेसांगवी नावाचं गाव होतं. गाव उतारावर, रानं उतारावर, आणि सगळ्यांच्या तळाशी जळाई देवीचं तळं, काठावर तिचं देऊळ. पाऊस आला की रानातलं पाणी धावत तळ्यात यायचं आणि येताना रानाची माती घेऊन यायचं. गावाचा नेम असा, की तळ्यात गेलं ते देवीचं झालं. फूल गेलं, देवीचं. पान गेलं, देवीचं. माती गेली, तीही देवीचीच. म्हणून तळ्यावरून परतताना बायांनी पायधुणीच्या दगडावर टाचा घासून धुवायच्या. देवीचा चिखल चुकूनसुद्धा घरी जायला नको.

हा नेम सगळ्यांत कडक पाळायची ती कोंडाबाई. मंगळवार धरायची, चातुर्मासात एकभुक्त राहायची, आणि दर्शन झालं की दगडापाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायांच्या टाचा बघायची.

"अगं ए, डावी टाच राहिली तुझी! देवीचं घेऊन चाललीस व्हय घरला?"

"कोंडाबाई, टाच हाय का आरसा हाय ही? किती घासू?" बाया हसायच्या, पण परत फिरून घासायच्या. तीस वर्षं तिनं गावाच्या टाचा धुवून घेतल्या, असं म्हणतात.

आणि त्याच तीस वर्षांत गावाची जोंधळ्याची रानं फिकी होत गेली. कणसं यायची, पण हलकी. हुरडा भाजला तर दाण्यात दूध नाही. पीठ मळावं तर काठवटीत भुरभुरतं, भाकरी थापावी तर कडेनं चिरते, तव्यावर उलटावी तर तुकडे होतात. पोटं भरायची, पण अंगाला काही लागायचं नाही. देवीचा कोप म्हणून लोक नवस बोलायचे आणि तळ्यात आणखी दोन फुलं टाकायचे.

कोंडाबाईची सून हौसा, तिच्या लेकाची, सुभानाची बायको. मोठी गुणाची पोर. तिची दोन लेकरं झाली आणि दोन्ही बारशाआधी गेली. दुसऱ्या खेपेला अंबूसुईण ओसरीवर बसून पदरानं डोळे पुसत म्हणाली, "कोंडे, माझ्या हातात काय बी नाही गं. पोरीच्या अंगात रक्तच नाही. तुमच्या जोंधळ्यात दम नाही, तर तिच्या अंगात कुठनं यायचा? असंच खाल्लं तर तिसरं बी राहायचं नाही, आणि पोरगी बी राहायची नाही."

दुसऱ्या दिवशी कोंडाबाई तळ्यावर गेली आणि देवीपुढं पदर पसरून म्हणाली, "आई, माझं काही चुकलं असेल तर मला सांग. माझ्या सुनेला शिक्षा देऊ नको."

चैत्र होता. दर्शन घेऊन ती पायधुणीच्या दगडावर बसली, टाचा घासायला लागली, आणि घासता घासता तिचे हात थांबले. दगडाच्या खालच्या अंगाला, जिथं पाय धुतलेलं पाणी जाऊन मुरायचं, तिथं जोंधळ्याचं एक ताट उभं होतं. कुणाच्या तरी ओटीतला दाणा सांडून उगवलेलं. दोन पुरुष उंच, पान हिरवंगार, कणीस मुठीत मावेना. दर साली तिथं असं ताट यायचं. दर साली कोंडाबाई त्याला चमत्कार म्हणून हळदकुंकू वाहायची आणि घरी जायची. हे इथंच का येतं, असं तिनं कधी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी तिनं विचारलं. दगडाखालची चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली.

आता हे ऐका. कोंडाबाई सुभानाच्या वेळी पोटुशी होती, तेव्हा तिला मातीचे डोहाळे लागले होते. घरच्यांची नजर चुकवून ती बांधाबांधावर जायची आणि प्रत्येक रानाची माती चाखायची. कुणाची खारट, कुणाची तुरट, कुणाची पावसाच्या वासाची. ती चव तिच्या जिभेवरून कधी गेली नाही, असं म्हणतात. म्हणून दगडाखालची माती जिभेवर विरघळली तशी तिला ओळख पटली. ही तर सासऱ्यांच्या वेळची, आमच्या वरच्या पट्टीची माती! तीस वर्षांपूर्वीची, काळी, लोण्यासारखी. आज त्या पट्टीत नुसता मुरूम उघडा पडलाय.

कोंडाबाईनं ती माती मुठीत धरून देवीकडं तोंड केलं. "आई गं," ती म्हणाली, "तू कोपली नव्हतीस. तू आमचं सांभाळून ठेवलं होतंस. आणि मी एकेकीच्या टाचेवरून ते परत तुझ्याकडं लोटत होते."

वैशाखात तळं आटलं. तळाला भेगा पडल्या. कोंडाबाई पाटी घेऊन उतरायला लागली, तसा धोंडी गुरव धावत आला. त्याच्यामागं गाव आलं.

"काकू, म्हातारचळ लागला का? देवीचा गाळ रानात टाकणार? उभं गाव बुडवशील!"

"गुरवदादा, ही माती देवीची नाही. आपली हाय. देवीनं राखलीय."

"कशावरून?"

कोंडाबाईनं तळ्याच्या एका कोपऱ्यातलं ढेकूळ फोडलं, जिभेला लावलं आणि म्हणाली, "ही येडबाच्या खालच्या रानाची." दुसऱ्या कोपऱ्यात गेली. "ही रंगूबाईच्या चिंचेच्या पट्टीची. बघा, चिंचेचा आंबटपणा अजून गेला नाही." असं करत करत तिनं अख्खं तळं चाखलं आणि प्रत्येकाच्या हातात ज्याची त्याची माती ठेवली, असं म्हणतात. येडबानं ढेकूळ नाकाशी धरलं आणि म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "बाच्या धोतराला हाच वास यायचा," तो म्हणाला.

गुरवाला मात्र देवीची भीती. त्यानं कौल लावायचा ठरवला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फूल चिकटवलं. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. आणि दोन्ही फुलं एकदमच सुटली, उजवीकडं नाही, डावीकडं नाही, थेट कोंडाबाईच्या रिकाम्या पाटीत येऊन पडली.

गुरव मोठा शहाणा माणूस, म्हणाला, "ने. पण काकू, उद्या पाऊस चांगला झाला आणि पीक आलं, तर ते गाळानं आलं की पावसानं, हे कसं कळायचं?"

कोंडाबाई विचार करून म्हणाली, "एकाच पट्टीत दोन वाफे करते. बी एकच, पेरणारा हात एकच, पाणी देवाचं एकच. एका वाफ्यात गाळ, एक तसाच कोरा. मग तुम्हीच बघा."

सुभानानं आणि हौसानं मिळून पाट्या वाहिल्या. पेरणी झाली. आषाढात हौसाला दिवस गेले आणि कोंडाबाईनं मनाशी व्रत धरलं. बाळ सुखरूप होईपर्यंत गाळाच्या वाफ्यातला दाणा सगळा सुनेचा, आपण खायचं ते कोऱ्या वाफ्यातलं.

दिवाळीला दोन्ही वाफे कापले. दोन दळणं दळली. देवळाच्या ओट्यावर गुरवानंच चूल मांडायला लावली. एकाच तव्यावर, एकाच हातानं कोंडाबाईनं दोन भाकरी भाजल्या. गुरवानं त्या झाकल्या, इकडच्या तिकडं केल्या आणि डोळ्याला पदर बांधलेल्या हौसापुढं ठेवल्या.

"सांग सूनबाई, लाजू नको. पोटुशी बाईच्या जिभेला फसवता येत नाही म्हणतात. तेच बघायचंय."

हौसानं एकीचा तुकडा मोडला. तो मोडायच्या आधीच चुरला. खाल्ला, गिळला. दुसरीचा तुकडा मोडताना पापुद्रा सुटला आणि वाफ आली. तिनं तो खाल्ला, मग आणखी एक खाल्ला, मग कुणी विचारायच्या आतच उरलेली भाकरी मांडीवर ओढून घेतली.

"आत्याबाई," ती तोंडात घास ठेवूनच म्हणाली, "ही मी कुणाला देणार नाही."

सगळं देऊळ हसलं. गुरवानं पदराची गाठ सोडायला लावली आणि, कुठली कुठं ठेवली हे त्यालाच ठाऊक असल्यानं, मांडीवरची भाकरी ओळखली. गाळाच्या वाफ्यातलीच होती.

त्या वाफ्याचा दाणा तो केवढा, दोन-चार पायल्या. पण हौसा रोज पोटभर खायची आणि कणगीत हात घातला की दाणा हाताला लागायचाच, असं म्हणतात. हौसाच्या गालावर रंग आला. इकडं कोंडाबाई कोऱ्या भाकरीवर वाळत गेली. अंबूसुईण रागवायची, "अगं, नातू बघायला तू तरी ऱ्हायला पाहिजेस का नको?" कोंडाबाई म्हणायची, "देवी बघतेय. तिला बघू दे दोन्ही वाफ्यांतला फरक."

चैत्रातल्या भर दुपारी हौसाचं पोट दुखायला लागलं. कोंडाबाई देवघरापुढं हात जोडून बसली. आधीच्या दोन्ही खेपांना आतून आवाज आला होता तो मांजराच्या पिलासारखा, जेमतेम. या खेपेला असं काही रडणं उठलं की गोठ्यातल्या म्हशीनं दावं ताणलं. अंबूसुईण दारात आली, घामानं निथळलेली, आणि हसत म्हणाली, "घे गं कोंडे. नात हाय. आणि आवाज तुझा घेऊन आलीया."

कोंडाबाई रडली, हसली, परत रडली. बारावा दिवस आला, बारसं झालं. दहा महिने छातीवर ठेवलेला धोंडा उतरला. नातीला मांडीवर घेऊन ती बसली होती, तेव्हा हौसा चुलीपासून उठून आली. तिच्या हातात गाळाच्या वाफ्यातल्या शेवटच्या पिठाची भाकरी होती. तिनं तुकडा मोडला आणि सासूच्या तोंडाशी धरला.

"सोडा आता व्रत, आत्याबाई. देवीनं बघितलं."

त्या वैशाखात अख्खं गाव पाट्या घेऊन तळ्यात उतरलं. गाळ रानात गेला, रानं काळी झाली, आणि गाळ निघाल्यानं तळं एवढं खोल झालं की पुढच्या ज्येष्ठापर्यंत देवीच्या पायाशी पाणी राहिलं. देवीलाही तेच हवं होतं, असं म्हणतात.

आजही तळेसांगवीत ज्या साली वैशाखात तळ्याचा तळ दिसेल, तेव्हा घराघरातून एकेक भाकरी देवळात येते. त्या साली गावात जी कोणी पोटुशी असेल, मग ती कुणाची का सून असेना, तिला ओट्यावर मानानं बसवतात, डोळ्याला पदर बांधतात, आणि ती प्रत्येक भाकरीचा घास खाते. जी भाकरी तिला सगळ्यांत फिकी लागेल, त्या घराच्या रानात गाळाची पहिली पाटी पडते, आणि ती वाहायला सगळं गाव जातं. आपली भाकरी फिकी निघाली म्हणून तिथं कुणी मान खाली घालत नाही. उलट भाकरी पुढं करताना घरची बाई तिच्या कानाशी वाकून म्हणते, "कोंडाबाईच्या नावानं, खरं सांग गं बाई."

आणि ती खरं सांगते.