रिकामी चटई

"मग त्या येत का नाहीत, म्वालिमू?"

वत्सलाबाई केळुसकरांनी हा प्रश्न शाबानींच्या खोलीत मधोमध उभे राहून विचारला. म्वालिमू म्हणजे गुरुजी. टांझानियाच्या किनाऱ्यावरील त्या गावात वृद्ध शाबानींना सर्वजण याच नावाने हाक मारीत, आणि त्यांच्या शब्दावाचून तिथे काही ठरत नसे.

वत्सलाबाईंच्या सेवासंस्थेने गावात महिला भवन बांधले होते. उद्या देणगीदार ते पाहण्यास येणार होते. आणि भवनात एकाही स्त्रीने अद्याप पाऊल ठेवले नव्हते.

"शिलाईयंत्रे आहेत. दिवे आहेत. दार तर दिवसभर उघडे असते."

"पाहिले मी, मामा. शेळ्या फार समाधानी आहेत."

तिथे स्त्रीला आदराने 'मामा' म्हणतात. एरवी वत्सलाबाईंना याची गंमत वाटे. आज वाटली नाही.

"ही थट्टेची वेळ नव्हे. उद्या बायकांनी यावे, एवढा शब्द तुम्ही टाका. त्यांच्यासाठीच तर हे सारे केले आहे."

"जागा कोणी निवडली?"

"मी. विहिरीमागची, आंब्याखालची. सावली होती, आणि जागा रिकामी होती. मी स्वतः अनेकदा जाऊन खात्री करून घेतली. तिथे कधीही कोणी दिसले नाही."



म्वालिमूंनी कोपऱ्यातील चटईकडे हात केला.

"बस. तीही रिकामी आहे."

वत्सलाबाई बसण्यासाठी वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या.

चटईवर थाळी होती. थाळीत उगालीचा, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचा, अर्धा गोळा. त्यावर बोटांचे ठसे ताजे होते. शेजारी डोईवरून घ्यायचे कापड घाईत राहून गेले होते.

आतला पडदा किंचित हलला. त्याच्याखाली म्हाताऱ्या पावलांची बोटे दिसत होती.

"आत... कोण आहे?"

"माझी पत्नी. जेवत होती. डोईवर कापड नव्हते. तू आलीस, ती उठली."

"मला कोणी दिसले नाही."

"नाहीच दिसणार. तू येतेस, तेव्हा जागा रिकामीच असते."

वत्सलाबाईंना आंब्याखाली पडलेला एक लाकडी कंगवा आठवला. त्याच्या दातांत केस होते. जागेची आखणी करताना तो त्यांनी पायाने बाजूला सारला होता.

त्या गावात कोणाच्याही उंबऱ्याबाहेर थांबून 'होदी' अशी साद घालतात. आतून 'कारीबू', म्हणजे 'या', असे उत्तर आले, तरच पाऊल आत टाकायचे. न आले, तर परतायचे. संस्थेत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हा पहिला धडा वत्सलाबाईच देत. उच्चार चुकला, तर तो सुधारेपर्यंत म्हणवून घेत.

त्यांनी मान वर केली नाही. मागे सरत सरत त्या उंबऱ्याबाहेर आल्या. पायांत चपला तशाच होत्या, हे त्यांच्या आता ध्यानात आले. त्यांनी त्या काढल्या.

"होदी."

त्यांनी पुन्हा म्हटले.

"होदी..."

उत्तर आले नाही. पडद्याची कडी वाजली. कापड झटकल्याचा आवाज झाला. मग थाळी जमिनीवरून ओढली गेली.

वत्सलाबाई उन्हात उभ्या होत्या. समोरून जाणाऱ्या दोघी बायका थबकल्या, अनवाणी पायांकडे पाहून एकमेकींशी काही कुजबुजल्या.

"म्वालिमू," त्या बाहेरूनच म्हणाल्या, "उद्या पाहुणे येणार आहेत. त्यांना मी काय सांगू?"

"हळू बोल, मामा. ती जेवते आहे."