न दिलेला खो

तांबड्या मातीच्या एका जंगलात खो-खो खेळणारा सशांचा एक संघ राहत असे. हे ससे हौसेपुरते खेळणारे नव्हते, बरे का मुलांनो! खेळ हेच त्यांचे काम होते आणि त्यावरच त्यांचे पोट चाले. दरवर्षी होळी झाली की जंगलात मोठे सामने होत. जो संघ शेवटचा सामना जिंकेल, त्याला तळ्याकाठची राई वर्षभरासाठी मिळे. त्या राईत खाली कोवळी हरळी आणि वर जांभळांचे घोस, त्यामुळे तिच्यावर सगळ्यांचाच डोळा असे. गेली तीन वर्षे ती राई खारींनी पटकावली होती आणि सशांना जंगलात तोंड दाखवायला जागा उरली नव्हती.

म्हणून सशांच्या म्हाताऱ्या प्रशिक्षकाने एक बेत केला. नदीपलीकडे काळ्या मातीचा मुलूख होता आणि तिथले ससेही काळेभोर होते. त्यांच्यातला एक ससा असा धावे की पाहणाऱ्याची मान दुखून येई. प्रशिक्षक स्वतः नदी ओलांडून त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, "आमच्या संघात खेळशील का?"

"खेळेन की," काळा ससा म्हणाला. "पण नुसतं धावायला येणार नाही. मला गडी बाद करायला आवडतं."

"ते तर करशीलच," प्रशिक्षक म्हणाला, आणि काळा ससा संघात आला.

आता इथे एक घोळ होता. तांबड्या सशांची फार जुनी समजूत अशी की, काळ्या सशाच्या अंगाला हात लावला तर आपला पंजा काळा पडतो आणि मग तो जन्मभर तसाच राहतो. असा काळा पडलेला पंजा कोणी पाहिला होता का? छे! पण आजीने आईला सांगितले होते, आईने पिलांना सांगितले होते, आणि खात्री करून घ्यायची तर हात लावावा लागला असता. तेवढे धाडस कोणात होते?

तुम्ही खो-खो खेळलाच असाल, तरी थोडे सांगतो. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मैदानाच्या मधल्या रेषेवर आपापल्या चौकात बसतात. एकाचे तोंड इकडे, तर शेजारच्याचे तिकडे. नववा गडी धावणाऱ्यांच्या मागे लागतो, पण त्याला मधली रेषा ओलांडता येत नाही; पलीकडे जायचे तर टोकाच्या खांबाला वळसा घालावा लागतो. धावणारा पलीकडे निसटला, की त्याने एखाद्या बसलेल्या गड्याच्या पाठीवर हात मारायचा आणि 'खो' म्हणायचे. मग तो गडी उठून धावतो आणि पहिला त्याच्या चौकात बसतो. पाठीला हात लागलाच पाहिजे. नुसते ओरडून भागत नाही.

काय झाले असेल, ते आता तुमच्या लक्षात आलेच असेल. पहिल्या सामन्यापासून काळा ससा पाचव्या चौकात बसे आणि बसूनच राही. त्याच्या डाव्या बाजूला खो मिळे, उजव्या बाजूला खो मिळे, पण त्याच्या पाठीवर पंजा म्हणून पडत नसे. स्वतः धावायची पाळी आली, की मात्र कर्णधार त्यालाच पुढे करी. तो गरागरा वळे, ओळीतून नागमोडी पळे, समोरच्यांना दमवून टाके. तेव्हा बाहेर बसलेले ससे हर्षाने ओरडत, "आपला ससा! आपला ससा!" आणि पुन्हा पाठलागाची पाळी आली, की तोच ससा नदीपलीकडचा होई.

मैदानाभोवतीच्या झाडांवर वानरांची गर्दी असे. वानरेच ती, उचलली जीभ लावली टाळ्याला! "ए कोळसा! ऊठ रे कोळसा!" असे ओरडत ती काळ्या सशावर अर्धी खाल्लेली उंबरे फेकत. कर्णधार तेव्हा आभाळाकडे पाहत राही. त्याला ऐकू येत नव्हते म्हणावे, तर कान सशाचे होते.

याहूनही वाईट गोष्ट पुढेच आहे. त्या संघाचा एक नियम होता. ज्याने वर्षभरात एकही गडी बाद केला नाही, त्याला संघातून काढून टाकायचे. शेवटच्या सामन्याचा दिवस उजाडला, तेव्हा प्रत्येक सशाच्या नावावर काही ना काही गडी होते. काळ्या सशाच्या नावावर एकही नव्हता. आज नाही, तर पुन्हा कधीच नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

शेवटचा सामना अर्थातच खारींशी होता. पंच होती टिटवी, कारण तिच्या ओरडण्याएवढी मोठी शिट्टी जंगलात दुसरी नव्हती. सशांनी पाठलाग सुरू केला. खारींमध्ये एक म्हातारी खार होती. तिचे पाय आता पूर्वीसारखे चालत नव्हते, पण डोळे मात्र चांगले चालत. थोडा वेळ धावल्यावर तिने आपल्या मैत्रिणींना हळूच सांगितले, "अगं, त्या काळ्याला कोणी खो देतच नाही. दमलात की त्याच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहा. ते तर आपलं माहेर आहे!"

मग काय विचारता! खारी दमल्या की काळ्या सशासमोर येत आणि निवांत श्वास घेत. त्याच्या पाठीमागे पोचलेला तांबडा ससा दात-ओठ खात तसाच पुढे पळे आणि पार खांबाला वळसा घालून येई. तोवर खारी भलतीकडेच गेलेल्या असत. एक खार तर काळ्या सशाच्या नाकासमोर शेपटी साफ करत उभी राहिली. त्याला राग आला, अगदी कानाच्या टोकापर्यंत आला, पण खो मिळाल्याशिवाय उठायचे नाही हा खेळाचा कायदा होता. तो बसून राहिला.

मग खारींची पाठलागाची पाळी झाली आणि मध्यंतर झाले. सगळे ससे करवंदीच्या जाळीखाली जमले. प्रशिक्षक धापा टाकत म्हणाला, "खारी यंदा भलत्याच चपळ झाल्यात."

"चपळ नाहीत, गुरुजी," काळा ससा उठून म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, पण सगळ्यांना नीट ऐकू जात होता. "त्या येऊन माझ्यासमोर विश्रांती घेतात. मी पंजा लांब केला तर लागेल एवढ्या जवळ! पंगतीत बसवायचं आणि पानात काही वाढायचं नाही, हा कुठला न्याय? तुम्ही नऊ जण खेळतोय असं समजता. खेळताय आठच जण, आणि नवव्या जागी तुम्ही खारींना ओसरी बांधून दिली आहे."

ससे एकमेकांकडे पाहू लागले. एक जण पुटपुटला, "तसं काही नाही रे. संधीच येत नाही."

"संधी आत्ताच अकरा वेळा आली," काळा ससा म्हणाला. "मला दुसरं काम नव्हतं, म्हणून मोजत बसलो होतो."

प्रशिक्षक खाली मान घालून गवत चघळत राहिला. कर्णधार म्हणाला, "बरं बरं, देऊ खो. आता वेळ नको घालवू."

मध्यंतरानंतर खारींनी पुन्हा पाठलाग केला. त्यात काळा ससा एकटाच इतका वेळ धावला, की खारींची जीभ बाहेर आली. त्याच्यामुळेच ससे सामन्यात टिकले. मग सशांची शेवटची पाळी आली. नऊच्या नऊ खारी बाद झाल्या, तर राई सशांची होणार होती. एक जरी उरली, तरी राई खारींकडेच राहणार होती.

ससे जीव तोडून धावले. एक खार बाद झाली, दोन झाल्या, तीन झाल्या, आणि चौथी मात्र धावत येऊन नेहमीप्रमाणे काळ्या सशासमोर थांबली. त्याच्या पाठीमागे एक जाडा ससा पोचला. मध्यंतरातले बोलणे त्याला आठवले. पंज्याचे काय होईल, तेही आठवले. मग त्याने मधला मार्ग काढला. वीतभर लांबूनच तो जोरात ओरडला, "खो!"

काळा ससा बाणासारखा उठला. त्याचा पंजा खारीच्या शेपटीला लागलासुद्धा! तेवढ्यात टिटवी किंचाळली, "थांबा! पाठीला हात लागलेला नाही. हा खो खोटा. खार बाद नाही. जागेवर बस!"

काळ्या सशाने वळून त्या जाड्याकडे पाहिले. जाडा ससा आपला पंजा पाठीमागे लपवून उभा होता. काळा ससा पाचव्या चौकात जाऊन बसला. त्या वेळी त्याला काय वाटले असेल, ते मी तुम्हाला काय सांगणार? ज्याला शाळेत खेळायला घेऊन नुसते उभे केले असेल, त्याला ते सांगावे लागणार नाही.

खेळ पुढे चालू राहिला. चौथी खार दमून बाद झाली, पाठोपाठ पाचवी, सहावी, सातवी, आठवी. आता उरली ती एकटी म्हातारी खार, आणि वेळ उरला होता अगदी थोडा. पाठलाग स्वतः कर्णधार करत होता. म्हातारी लटपटत होती. तिला आता पळणे शक्यच नव्हते. ती ओळीतून कशीबशी पलीकडे गेली आणि काळ्या सशासमोर मटकन बसली. कर्णधार बरोबर काळ्या सशाच्या पाठीशी येऊन ठेपला.

"दे!" काळा ससा ओरडला. "दे खो!"

कर्णधाराने पंजा उचलला. काळ्या पाठीवरचे केस न् केस त्याला दिसत होते. पंजा पाठीपासून बोटभर अंतरावर आला आणि तिथेच थांबला. झाडावरून वानरे ओरडली, "हात लावू नको रे! काळा होशील!" कर्णधाराने पंजा मागे ओढला आणि खांबाला वळसा घालून जायला तो धावत सुटला. फार जोरात धावला. आयुष्यात इतक्या जोरात तो कधी धावला नसेल. तो खांबाला वळून म्हातारीपासून चार उड्यांवर पोचला, आणि टिटवीने लांबलचक शिट्टी दिली.

राई गेली.

खारींनी नाचून धुमाकूळ घातला. सशांना मात्र रडू फुटले. नाचता येईना अंगण वाकडे, तसा जाडा ससा म्हणाला, "हा काळाच अपशकुनी! वर्षभरात एक गडी मारला नाही त्याने. नियमाप्रमाणे त्याला आजच काढून टाका." झाडावरची वानरेही ओरडली, "कोळशामुळे हरलात! कोळशामुळे हरलात!" म्हाताऱ्या प्रशिक्षकाने मान डोलावली.

तेव्हा टिटवी मैदानात उतरली. ती म्हणाली, "नियम तुमच्या संघाचा आहे, त्यात मी बोलणार नाही. पण मी पंच आहे आणि जे पाहिलं ते सांगणं माझं काम आहे. आज दिवसभरात ह्या सशाला एकही खरा खो मिळाला नाही. ज्याला उठूच दिलं नाही, त्याने गडी मारायचा कसा?"

म्हातारी खारही पुढे आली. धाप लागलेली असतानाच ती म्हणाली, "अरे, मी संपले होते. तुमच्या कर्णधाराने पंजा एवढासा खाली आणला असता, तर राई तुमची होती." मग ती काळ्या सशाला म्हणाली, "बाळा, आमच्याकडे ये. आमच्याकडे धावणाऱ्याची कदर आहे."

"तुम्हाला माझा रंग चालतो, कारण आज तुम्ही माझ्या पुढ्यात बसून जिंकलात," काळा ससा म्हणाला. "पुढचं पुढे पाहू, आजी. ह्या संघात मला खेळायला बोलावलंय. न खेळता मी इथून हलणार नाही. काढायचंच असेल, तर माझ्या डोळ्यांत बघून काढा."

सगळ्यांनी कर्णधाराकडे पाहिले. कर्णधार आपल्या पंज्याकडे पाहत होता. पंजा तांबडा होता, स्वच्छ होता, आणि त्याच पंज्याने राई घालवली होती. त्याला स्वतःचीच अशी लाज वाटली, की त्याचे लांब कान मागे पडले. तो झाडांकडे वळून म्हणाला, "ए वानरांनो, कोळशामुळे नाही, माझ्यामुळे हरलो! काय फेकायचं ते माझ्यावर फेका." वानरांनी दोनचार उंबरे खरेच फेकली. ती त्याने अंगावर घेतली. मग तो काळ्या सशाला म्हणाला, "मला माफ कर."

"माफीचं नंतर बघू," काळा ससा म्हणाला. "आधी मला खो दे."

"आत्ता? सामना तर संपला."

"संपू दे. मी बसतो."

आणि काळा ससा रिकाम्या मैदानात पाचव्या चौकात जाऊन बसला, पाठ कर्णधाराकडे करून. खारी निघून गेल्या होत्या. पकडायला समोर कोणीच नव्हते. कर्णधार हळूहळू त्याच्या मागे आला. मग त्याने डोळे उघडे ठेवून आपला पंजा त्या पाठीवर ठेवला. पाठ ऊन होती आणि घामाने भिजलेली होती, सगळ्या धावणाऱ्यांची असते तशी.

"खो," कर्णधार म्हणाला.

काळा ससा उठला आणि धावला. वर्षभर पायांत साठवून ठेवलेले सगळे धावणे त्याने त्या रिकाम्या मैदानावर ओतले. खांबाला वळसा घालून तो परत आला तेव्हा दुसऱ्या चौकात एक ससा पाठ करून बसला होता, तिसऱ्यात एक, चौथ्यात एक. सर्वांत शेवटी जाडा ससाही येऊन बसला, आणि आपल्या पाठीवर कधी हात पडतो याची वाट पाहू लागला.

तात्पर्य : सोबत्याला जवळ बसवले म्हणजे आपले केले असे होत नाही. ज्याच्या पाठीवर हात ठेवायला आपण कचरतो, त्याचा डाव तर आपण बुडवतोच, पण त्याबरोबर आपलाही डाव बुडतो.