मोरघळच्या घोंगडीतला पांढरा पट्टा

मोरघळची घोंगडी शंभर घोंगड्यांच्या ढिगात टाकली तरी ओळखू येते. अंगभर काळी कुळकुळीत, आणि दोन्ही टोकांच्या जरा अलीकडे एकेक पांढरा पट्टा, तीन बोटं रुंद. नवखं माणूस त्या पट्ट्यावरून हात फिरवतं आणि म्हणतं, "नक्षी छान आहे हो." घोंगड्या विणणाऱ्या सनगराच्या घरातलं कुणी त्यावर होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. चहाचा कप तेवढा पुढं सरकवतात. नक्षी म्हणून तो पट्टा कधी कुणी घातलेलाच नाही, हे पहिल्या भेटीत कसं सांगायचं?

संस्थानी अंमल होता तेव्हाची गोष्ट सांगतात. गावात संतू सनगर आणि त्याची बायको चिमाबाई राहत. ती लोकर पिंजून सूत काढायची, तो खड्ड्यातल्या मागावर बसून विणायचा. संतू बोलायला भारी कंजूष, त्यामुळं दोघांच्या वाटचं चिमाबाईच बोले. खिंडीकडं जाणारं माणूस तिच्या ओट्यावर टेकल्याशिवाय पुढं जायचं नाही, आणि एकदा टेकलं की कुठून आलात, पोरंबाळं किती, भाकरी खाल्ली का, हे सगळं सांगितल्याशिवाय त्याची सुटका नसायची. स्वभावच तसा. दुसऱ्याच्या पोटात भूक आहे हे तिला म्हणे त्याच्या चालण्यावरून कळायचं.

त्या साली गावावरच्या कातळखिंडीत दरोडेखोरांनी उच्छाद मांडला होता. बाजारकरूंना गाठायचं, लुटायचं आणि धुक्यात नाहीसं व्हायचं. सगळ्यांच्या अंगावर डोक्यावरून ओढलेल्या काळ्या घोंगड्यांच्या खोळी. घाटावर गुराखी तसाच, शेतकरी तसाच, दरोडेखोरही तसाच. ओळखायचं कसं? एका पहारेकऱ्यानं रीतीप्रमाणं "कोण आहे?" म्हणून हाक दिली, तर उत्तरादाखल गोफणीचा धोंडा आला आणि तो बिचारा जागीच गेला.

मग संस्थाननं फौजदार राणोजी पिसाळांना धाडलं. माणूस धिप्पाड, डोक्याला तांबडी पगडी, आणि हसायला लागला की अख्खी चावडी हसायची. त्यांनी दवंडी पिटवली की पुढचा हुकूम होईपर्यंत खिंडीत कुणी फिरकायचं नाही. आणि शिपायांना बजावलं, "खोळ दिसली की हाक द्यायची नाही. बार टाकायचा. हाक देऊन एक माणूस गेलाय, दुसरा मी गमावणार नाही."

शिपायांत केरू मुळीक नावाचा एक तरुण होता. ठासणीची बंदूक त्याच्यासारखी कुणाला चालवता येत नसे. फौजदारांचा त्याच्यावर जीव. "केरू आहे तोवर मला डोळे मिटून बसायला हरकत नाही," असं ते चारचौघांत म्हणत, आणि केरू मान खाली घालून हसे.

भाद्रपदातला दिवस होता. झड लागलेली, खिंडीत धुकं शिगोशीग भरलेलं. शिपायांना वर जागोजाग बसवून फौजदार खाली उतरले ते ओलेचिंब, दात वाजत होते. चिमाबाईनं त्यांना ओट्यावरूनच पाहिलं.

"अवो फौजदारसाब, असं कुडकुडत फिरलासा तर दरोडेखोराआदी हिवतापच धरंल तुमास्नी. या आत."

"चिमाबाई, मी कामावर आहे."

"मी कुठं काम सोडा म्हणतीया? चुलीपाशी टेका म्हणतीया."

तिनं त्यांची ओली पगडी काढून घेतली आणि चुलीवरच्या दोरीवर वाळत घातली. अंगरखाही उतरवायला लावला. आदल्या दिवशीच मागावरून उतरलेली नवी घोंगडी, चिंचोक्याच्या खळीचा वास अजून गेला नव्हता अशी, तिनं स्वतःच्या हातानं त्यांच्या अंगावर घातली. वाफाळती पेज दिली. फौजदार म्हणाले, "आमच्या घरी कळलं की इतकी बडदास्त होते, तर मला परत घेणार नाहीत." चिमाबाई हसली. त्या हसण्याची तिला पुढं जन्मभर लाज वाटत राहिली, असं सांगतात.

पेज अर्धीच झाली होती. तेवढ्यात खालच्या वाडीचा एक गुराखी धावत आला. दरोडेखोर खिंडीत आलेच नव्हते. नदीच्या वाटेनं निसटताना पलीकडच्या ठाण्याच्या शिपायांनी त्यांना धरलं होतं. खिंडीतला पहारा आता फुकट होता, आणि वर केरू आणि बाकीचे बंदुका भरून बसले होते.

फौजदार उठले. गुराखी म्हणाला, "मी सांगून येतो की वर."

"वेडा आहेस का? दुसरं कुणी वर गेलं तर माझी माणसं बार टाकतील. मीच जातो. मला ओळखतात ती."

आनंदात होते. गडबडीनं तसेच निघाले. पाऊस होता म्हणून घोंगडीची खोळ डोक्यावर ओढून घेतली. चिमाबाई दारातून ओरडली, "अवो, पगडी!" ते वळून म्हणाले, "वाळू दे, येतोच." आणि पाणंदीच्या वळणावर दिसेनासे झाले.

थोड्या वेळानं खिंडीतून एकच बार ऐकू आला. चिमाबाई पेजेचं भांडं घासत होती. तिच्या हातातून ते पडलं नाही की काही नाही. ती नुसती थांबली. तिला वाटलं, सापडला एकदाचा मेला दरोडेखोर! मग तिची नजर दोरीवरच्या पगडीवर गेली.

वर काय झालं ते केरूनं पुढं पुष्कळदा सांगितलं. धुक्यातून एक काळी खोळ चढत येत होती, सावकाश, मजेत. हुकूम होता तसा त्यानं छातीवर नेम धरला. हाक दिली नाही. जवळ जाऊन पाहतो तो फौजदार. डोळे उघडे होते. त्यांनी केरूकडं पाहिलं आणि म्हणाले, "तुझाच ना रे बार? वाटलंच मला. एवढ्या धुक्यात दुसऱ्या कुणाचा लागला नसता." केरूच्या मांडीवरच त्यांनी प्राण सोडला.

संस्थानचा अंमलदार येऊन चौकशी करून गेला. हुकूम फौजदारांचा, तो बिनचूक पाळला गेला, सबब शिपायाचा दोष नाही, असा निकाल झाला. उलट आज्ञाधारक म्हणून त्याची तारीफही झाली म्हणे! केरूनं बंदूक ठाण्यात ठेवली आणि नोकरी सोडली. तो रोज मोरघळला यायचा आणि चिमाबाईच्या ओट्यावर बसून राहायचा. तिनंही सूतकताई सोडली होती. संतूचा माग गप्प होता. दारावरून जाणाऱ्याला ती आता काही विचारत नसे. लोक म्हणू लागले, चिमाबाईला काही झालंय, तिनं आज मला हटकलं नाही.

ती दोघं बसायची आणि एका गोष्टीवरून भांडायची.

"बार माजा हुता," केरू म्हणायचा.

"घोंगडी माजी हुती. पगडी मी काडली. पगडी असती तर तू वळीकलं असतंस."

"पन बार माजा हुता ना?"

"तुजा न्हाई म्हणून लिवून दिलंय की सरकारानं!"

"त्येच तर, मावशे. माजा न्हाई, तुजा न्हाई, साहेबांचा तर न्हाईच न्हाई. मग माणूस मेलं कसं?"

 आणि मागं एक काम राहिलं होतं ते निराळंच. पगडी अजून दोरीवर होती. प्रेत नेताना कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि नंतर ती नेऊन द्यायची चिमाबाईची छाती झाली नाही. फौजदारांची बायको सगुणाबाई नदीकाठच्या त्यांच्या गावी राहत होती. तिच्यापुढं उभं राहून काय सांगायचं? तुमच्या नवऱ्याला मी ऊब दिली, म्हणून तो गेला, असं?

एक दिवस केरू आपल्याशीच बोलावं तसा म्हणाला, "नुस्तं काळं दिसत हुतं गं. धुक्यात काळं. काय तरी पांढरं दिसलं असतं तर बोट थांबलं असतं माजं."

चिमाबाईनं कोपऱ्यातल्या पांढऱ्या लोकरीकडं पाहिलं. उठून चरखा पुढं ओढला. संतू म्हणाला, "काळ्या घोंगडीत पांढरं? लोक म्हणतील, सनगराला सूत पुरलं न्हाई." कितीतरी दिवसांनी तो एवढं बोलला होता.

"म्हणू द्यात," ती म्हणाली. मग केरूकडं वळली. "खोळ घातल्यावर पट्टा कुठं यावा? कपाळावर?"

केरूनं मान हलवली. "कपाळावर न्हाई. नेम कपाळावर धरत न्हाईत." आणि त्यानं आपल्या छातीवर हात ठेवला. "हितं."

संतूनं तिथं पट्टा विणला, आणि घोंगडी उलटी घेतली तरी चुकू नये म्हणून दुसऱ्या टोकालाही एक.

मार्गशीर्षात ती घोंगडी आणि फडक्यात बांधलेली पगडी घेऊन चिमाबाई आणि केरू सगुणाबाईच्या गावी गेली. सकाळ होती. नदीवरून धुकं उठून अंगणापर्यंत आलं होतं. केरू फाटकातच थबकला. चिमाबाईनं त्याच्या दंडाला धरून त्याला आत नेलं.

सगुणाबाईनं पगडी घेतली आणि मांडीवर ठेवली. रडली नाही. चिमाबाईनं पेजेपासून सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. सांगून झाल्यावर सगुणाबाईनं केरूकडं पाहिलं.

"काही बोलले का जाताना?"

केरूनं मान वर न करता ते शब्द सांगितले. सगुणाबाईनं पगडीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "असंच बोलायचे. समोरच्याला बरं वाटावं म्हणून वाट्टेल ते बोलायचे."

"बाईसाहेब, मला शिव्या तरी द्या," केरू म्हणाला.

तिनं शिव्या दिल्या नाहीत. घोंगडी उलगडली, पट्ट्यावरून बोट फिरवलं, हे कशासाठी म्हणून विचारलं नाही. उठली, घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतली आणि अंगणातून सरळ नदीकडं चालू लागली. धुक्यात शिरली. आता कशाला गेली ही, म्हणून चिमाबाई अंगणाच्या कडेपर्यंत धावली. नदी तिकडंच होती.

मग धुक्यातून आवाज आला, "केरू, दिसते का मी?"

केरू ताडकन उठला आणि धुक्याकडं बघत राहिला. चिमाबाईला दिसत होतं. काळी आकृती विरून गेली होती, पण छातीशी एक पांढरी रेघ स्वच्छ दिसत होती. ओठांवर आलेलं उत्तर तिनं गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा, दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं नाही.

"केरू, दिसते का?" पुन्हा हाक आली.

"दिसता," केरू म्हणाला. "दिसता, बाईसाहेब. या."

सगुणाबाई परत आली. खोळ मागं टाकली. तेव्हा कुठं तिचे डोळे भरले. "एवढंच लागत होतं," ती म्हणाली. "एवढंच." आणि पदरानं तोंड पुसून आत भाकरी टाकायला गेली. दोघांना जेवल्याशिवाय तिनं सोडलं नाही. ती घोंगडी तिनं स्वतःपाशी ठेवून घेतली. "ही माझी," म्हणाली. "तुम्ही दुसऱ्या विणा. पुष्कळ विणा."

केरू मुळीक मोरघळलाच राहिला. त्यानं पांढरी मेंढरं पाळली आणि पट्ट्याची लोकर गावातल्या प्रत्येक सनगराला मरेपर्यंत पुरवली. फौजदारांना कधी विसरला का? नाही. पण चिमाबाईच्या ओट्यावर मग तो नुसता बसून राहत नसे, लोकर पिंजू लागे. आणि ती वाटेनं जाणाऱ्याला पुन्हा हटकू लागली. फक्त निघालेल्या माणसाला "थांबा जरा" म्हणायची, आणि त्याच्या डोक्यावर काय आहे, अंगावर काय आहे, ते नीट पाहून मगच सोडायची.

आजही मोरघळला घोंगडी घेतली की ती पिशवीत घालून देत नाहीत. आधी खोळ करून अंगावर घ्यायला लावतात आणि वस्तीच्या टोकापर्यंत जायला सांगतात. तिथं वळून विचारायचं, "दिसतो का?" दारातून सनगराच्या घरचं माणूस म्हणतं, "दिसतोस, ये." शहरातली मंडळी हसत हसत जातात, पण उत्तर येईपर्यंत त्यांचं हसू ओसरलेलं असतं. आणि भाद्रपदात कधी धुकं इतकं दाट असतं, की पट्टासुद्धा दिसत नाही. तेव्हा दारातलं माणूस खोटं बोलत नाही. "दिसत नाहीस रे," असं ते ओरडून सांगतं, "तिथंच थांब, मीच येतो." मग हातातलं सूत खाली ठेवून ते धुक्यात जातं आणि गिऱ्हाइकाला हाताला धरून घरी घेऊन येतं.