सोनकीचं खरंखुरं ‘बरंय’

डोंगराच्या कुशीत काजळपाडा नावाची इवलीशी वाडी होती. तिथे सोनकी राहायची. वडील नव्हते. आई दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबायची आणि सोनकी धाकट्या छबूला सांभाळायची. छबूचे करवंदासारखे टपोरे डोळे आता खोल गेले होते. तिचं पोट सारखं दुखायचं.

वाडीतल्या पुष्कळ मुलांचं तसंच होतं, म्हणून डॉक्टरबाई आल्या.

“पाणी उकळून पिता ना?” त्यांनी विचारलं.

“हो तर! रोज!” सगळी वाडी एका सुरात म्हणाली. सोनकीही म्हणाली. खरं तर घरात भाकरीपुरतंच सरपण होतं. पण पाहुण्यांना घरचं उणं कोण दाखवणार?

बाईंना वाटलं, पाणी चांगलं आहे, दुखणं दुसरंच असेल. त्यांनी भलतंच औषध दिलं. छबू आणखी सुकली.

एका सकाळी छबूला पाठीशी बांधून सोनकी रानात काटक्या वेचत होती. शेवरीच्या झाडावरून कापसाच्या तीन म्हाताऱ्या तरंगत आल्या. पांढऱ्याशुभ्र, रेशमी, कोवळ्या उन्हात चमचमणाऱ्या!

“म्हातारी, म्हातारी!” सोनकी त्यांच्यामागे धावली.

“म्हातारी कुणाला म्हणतेस गं?” एका म्हातारीवर बसलेली बोटाएवढी परी हसली. तिचे चिमुकले पंख मोरपंखी होते. “या तीन इच्छा आहेत. नियम एकच. मनातलं मागायचं. छान दिसावं म्हणून बोललीस, की इच्छा गेली उडून. बोल, काय हवंय?”

“काही नको. आमचं सगळं बरंय.”

फुर्र! एक उडाली.

“मग... सगळ्या जगाचं भलं होऊ दे!”

फुर्र! दुसरीही उडाली.

“अगं, हे तर चांगलं होतं!” सोनकी कळवळली.

“चांगलंच होतं. पण ते मला आवडावं म्हणून होतं.”

पाठीवर छबू कण्हली. सोनकीला रडू फुटलं. “छबूला बरं वाटू दे. आम्ही पाणी उकळत नाही, सरपणच नाही. ती रडते तेव्हा मला तिचा रागसुद्धा येतो.”

तिसरी म्हातारी अलगद तिच्या तळहातावर उतरली आणि तिचा गुलाबी निखारा झाला. पण हात भाजला नाही!

“याला सरपण लागत नाही,” परी म्हणाली. “मात्र खोटं ‘बरंय’ ऐकलं, की हा विझायला लागतो.”

सोनकी वाडीत परतली, तर डॉक्टरबाई पुन्हा आलेल्या.

“पाणी रोज उकळून पिता ना?”

“हो तर! सगळं बरंय!” सगळी वाडी म्हणाली.

निखारा काळवंडला.

“नाही, बाई!” सोनकी ओरडली. “आमच्या घरी उकळत नाही.”

“गप गं भवाने!” शेजारच्या धोंडाकाकू खेकसल्या. “चारचौघांत अब्रू घालवतेस?”

“अब्रू राहील, काकू. छबू नाही राहणार.”

काकूंनी छबूकडे पाहिलं. मग काकूच पुटपुटल्या, “आमच्याकडं तरी कुठं उकळतंय?” हळूहळू सगळ्यांच्या माना हलल्या. निखारा लखलखला.

“माझंच चुकलं,” बाई म्हणाल्या. “त्या ‘ना’मध्ये मीच तुमचं उत्तर कोंबलं होतं. आता नीट विचारते. पाणी कसं पिता?”

मग खरं बोलणं सुरू झालं. बाईंनी योग्य औषध दिलं. वाडीच्या मधोमध निखाऱ्यावर मोठं पातेलं चढलं आणि घरोघरी उकळलेलं पाणी जाऊ लागलं.

पुढच्या खेपेला छबू अंगणात धावत होती.

“कशी आहेस गं?” बाईंनी सोनकीला विचारलं.

“बरंय!”

सगळ्यांनी निखाऱ्याकडे पाहिलं. तो जराही मंदावला नाही. उलट सोन्यासारखा उजळला. पातेल्याच्या वाफेत मोरपंखी पंख फडफडले, आणि परी त्या उजेडात मिसळून गेली.