ताण्याचं दुसरं टोक

एका विणकरांच्या गावात दोन भाऊ राहत. थोरला मागावर बसला की उठायचं नाव घेत नसे. कुणी झोपायला सांगितलं तर हसून म्हणे, "मेल्यावर झोपायचंच आहे की." एका जत्रेच्या आधी तो पाच रात्री निजला नाही. सहाव्या दिवशी तापाने फणफणला आणि आठवड्यात गेला. जो तो म्हणू लागला, निजला असता तर वाचला असता.

धाकट्याने ते मनात धरलं. झोप कमी पडून दादा गेला, मग जास्त झाली तर काय बिघडणार? तो निजू लागला. शिवाय झोपेत दादा भेटे. गल्लीत लांब ताणलेल्या सुताच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून म्हणे, "ओढ रे, सैल पडतंय."

वहिनीने सुरुवातीला त्याला उठवलं नाही. दुखऱ्या जिवाला निजू द्यावं, असं तिला वाटलं. पण पुढे दुपार झाली तरी तो उठेना. डोकं जड, कंबर आखडलेली, तोंडाला चव नाही. एवढं झोपून आपण दमतो कसे, हे त्याला कळेना; म्हणून तो पुन्हा झोपे. दादा मात्र आता क्वचितच येई.

घरात दादाने मरण्याआधी जुळवलेला उभ्या धाग्यांचा एक ताणा होता, डाळिंबी सुताचा. तिथली रीत अशी, की ऊन चढायच्या आत ताणा गल्लीत ताणायचा, कांजीची खळ लावायची आणि ती ओली आहे तोवर दोघांनी दोन टोकांकडून कुंचा फिरवत यायचं. नाहीतर धागे चिकटून बसतात.

एका सकाळी वहिनीने हाक मारली. "भावजी, आज ह्यांचा ताणा घ्यायचाय. मी खळ लावते, तुम्ही या."

"आलोच," तो म्हणाला, आणि दादा दिसेल म्हणून कूस बदलली.

दादा दिसला नाही. जाग आली तेव्हा ऊन पायांवर आलं होतं.

गल्लीत ताणा वाळून काथ्यासारखा झाला होता. वहिनीने एकटीने सोडवू पाहिला तिथे धागे तुटले होते. शेजारचा म्हातारा विणकर म्हणाला, "काय रे, आज झोपच विणलीस का?" मग त्याने धागा चिमटीत धरला. "खळ पातळ पडली तर धागा टिकत नाही, दाट झाली तर कडकन तुटतो. झोपेचंही तसंच. तुझ्या दादाची पातळ पडली. तुझी दाट होतेय."

"दादा झोपेत येतो, आजोबा."

वहिनी कुंचा मांडीवर घेऊन बसली होती. ती हळूच म्हणाली, "टोक तिथं ते धरत असतील, भावजी. इथं मी एकटीच उभी होते."

धाकट्याने ताणा पाण्यात भिजवला. नऊ दिवस बसून धागा धाग्यापासून सोडवला, तुटला तिथे गाठ मारली. संध्याकाळी बोटं दुखत. जेवून तो निजे आणि कोंबड्याच्या हाकेला उठे. मध्ये स्वप्न पडलं की नाही, आठवतही नसे.

दहाव्या सकाळी डाळिंबी ताणा पुन्हा गल्लीत उभा राहिला. जागोजाग गाठी होत्या, पण तो दादाचाच होता. एका टोकाला वहिनी होती. धाकट्याने दुसरं टोक हातात घेतलं आणि म्हणाला,

"ओढा वहिनी, सैल पडतंय."

तात्पर्य: झोप दिवस पेलण्यापुरती घ्यावी. तिच्यात कितीही शोधलं तरी गेलेलं माणूस परत येत नाही, आणि मागे राहिलेलं माणूस मात्र वाट बघत उभं राहतं.