सहावी बाहेर राहिली

फार पूर्वीची, डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हाची ही गोष्ट.

एका बर्फाळ डोंगरापलीकडे एक गाव होतं. हिवाळ्यात त्या गावातली सहा माणसं खालच्या बाजारातून मीठ घेऊन परत निघाली. पाच वयस्क आणि मेंढ्या राखणारी एक पोरगी. गावाआधी शेवटचा एक उभा उतार आडवा पार करायचा होता.

तीन दिवस वारा सुटला होता. त्याने पलीकडचा बर्फ उचलून या उतारावर आणून रचला होता. पोरीने कडेला पाऊल टाकलं, तसा आतून ढब्ब असा पोकळ आवाज आला आणि पायापासून एक तडा दूरवर पळत गेला.

"आजोबा, हा वरचा थर खालच्या बर्फाला धरून नाही, कधीही घसरेल. दोन दिवस थांबू या," ती म्हणाली.

"आणि खायचं काय? मीठ?" सगळ्यांत जाणता समजला जाणारा म्हातारा म्हणाला. बाकीचे हसले.

"मग एकेकाने जाऊ. एकजण चालेल, बाकीचे बघतील. तो गाडला गेलाच, तर खणायला पाचजण असतील."

"आमचे वाडवडील हातात हात धरूनच इथून गेले, पोरी."

"जे पोहोचले त्यांचंच तुम्ही ऐकलंत. जे पोहोचले नाहीत, ते सांगायला आले का?"

"जीभ बघा हिची! राहा मग इथेच एकटी," एक बाई फणकारली.

पाचहीजण हात धरून निघाले. ते मधोमध पोहोचले आणि वरचा सगळा बर्फ एकदम सुटला.

मग काहीच ऐकू येईना. उतार पुसल्यासारखा कोरा झाला.

म्हातारा जिथे शेवटचा दिसला होता, तिथून सरळ खाली पोरगी धावली. पाठीवरच्या गाठोड्यातला तवा काढून त्याने खणत राहिली. बऱ्याच वेळाने त्याचा चेहरा लागला. तो श्वास घेत होता. त्याला मोकळं करून ती पुढे सरकली आणि पुन्हा खणू लागली. इथे, मग तिथे. हात दोन, जागा चार.

"बाकीचे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मी एकटी होते, आजोबा."

ते चौघे बर्फ वितळल्यावर सापडले.

तेव्हापासून त्या गावची माणसं तो उतार एकेकाने पार करतात. मधोमध असणाऱ्याला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो. कडेला बाकीचे पापणी न हलवता उभे असतात.

धोक्याच्या वाटेवर हात धरणारा नव्हे, तर अंतर राखून नजर न हलवणारा खरा सोबती.